अजाइल प्रोजेक्टमध्ये रिस्क कुठे सांभाळायची: रजिस्टरमध्ये की स्प्रिंटमध्ये?

नवीन प्रोजेक्ट सुरू होतोय, पीएमओकडून (कंपनीतल्या सगळ्या प्रोजेक्टवर देखरेख करणाऱ्या विभागाकडून) मेल आलाय की रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांची यादी, भरून पाठवा, आणि इकडे टीम म्हणतेय की आपण स्क्रम करतोय, म्हणजे छोट्या ठराविक फेऱ्यांत (स्प्रिंटमध्ये) काम करायची अजाइल पद्धत, दर दोन आठवड्यांनी डेमो देतोय, मग वेगळं रजिस्टर कशाला. निर्णय तुमच्यावर आलाय, स्क्रम मास्टर म्हणून किंवा डिलिव्हरी लीड म्हणून. पुण्यातल्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये हा प्रश्न सारखा येतो आणि बहुतेक वेळा उत्तर निघतं "दोन्ही करू", म्हणजे रजिस्टर एकदा भरलं जातं, मग तीन महिने कुणी उघडत नाही आणि स्टिअरिंग कमिटीच्या (वरिष्ठांच्या आढावा बैठकीच्या) आदल्या दिवशी तारखा बदलून परत पाठवलं जातं. त्यात कुणाचाच फायदा नाही. म्हणून दोन्ही पद्धती शेजारी ठेवून नीट बघूया.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढे गोंधळ नको. रिस्क कुठे ठेवायची हे ती किती मोठी आहे यावरून ठरवू नका, तिच्यावर उपाय करायला किती दिवस लागतात यावरून ठरवा. उपाय एका स्प्रिंटच्या आत होण्यासारखा असेल तर बॅकलॉग, म्हणजे टीमच्या पुढच्या कामांची क्रमवार यादी, पुरतो. पण उपायाला दोन महिने लागणार असतील, म्हणजे सर्व्हर मागवायचेत, लीगलची सही हवीय, दुसऱ्या कंपनीकडून एपीआय (दोन सिस्टीम जोडणारा दुवा) यायचीय, एखादा माणूस भरती करायचाय, तर ती रिस्क स्प्रिंटमध्ये दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तिथे नाव आणि तारीख घालून वेगळं लिहिलेलंच कामाला येतं.

रजिस्टर काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे, तीच जुनी एक्सेल. वर्णन, शक्यता, परिणाम, ओनर, उपाय, स्टेटस. त्यावर जास्त बोलत नाही.

दुसरी बाजू मात्र बऱ्याच लोकांनी अर्धवट ऐकलेली असते. स्क्रम गाइड, म्हणजे स्क्रमचे अधिकृत नियम, याच्या २०२० च्या आवृत्तीत रजिस्टर नाही, रिस्क मॅनेजर नाही, त्यासाठी वेगळी मीटिंग पण नाही. आहे ते एवढंच की स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा असावा, कारण तो लांबला की रिस्क वाढू शकते, आणि छोटा ठेवला की चुकलंच तर त्या छोट्या काळातला खर्च आणि मेहनतच वाया जाते. ही कल्पना २००१ च्या अजाइल मॅनिफेस्टोपेक्षा जुनी आहे, सॉफ्टवेअर अभियंते बॅरी बोएम यांनी १९८० च्या दशकात स्पायरल मॉडेल मांडलं त्याचा गाभाच हा होता की प्रत्येक फेरीत आधी सगळ्यात धोक्याचा भाग हाताळा. हा "आधी" फार महत्त्वाचा आहे आणि तोच बऱ्याच टीम विसरतात. बॅकलॉग लावताना क्लायंटला काय लवकर बघायला आवडेल एवढंच बघितलं जातं, मग पहिल्या स्प्रिंटला लॉगिन स्क्रीन, दुसऱ्याला डॅशबोर्ड, आणि पेमेंट गेटवेचं इंटिग्रेशन सातव्या स्प्रिंटला. डेमो छान होतात, व्हेलॉसिटी (दर स्प्रिंटला किती काम संपतं तो आकडा) पण दिसते, पण रिस्क जिथे होती तिथेच बसलेली असते. अशा टीमने "आमचा स्प्रिंटच रिस्क सांभाळतो" असं म्हणू नये, कारण त्यांचा स्प्रिंट तसं काही करतच नाहीये.

आता दोन खऱ्या केसेस बघा, एक स्प्रिंटच्या बाजूची, एक रजिस्टरच्या बाजूची. दोन्ही भारताबाहेरच्या आहेत, पण त्यांचे सरकारी किंवा नियामक अहवाल उघड आहेत त्यामुळे आतलं काय ते कळतं.

पहिली अमेरिकेच्या एफबीआयची. त्यांची व्हर्च्युअल केस फाइल नावाची सिस्टीम साधारण १७ कोटी डॉलर घालवून २००५ मध्ये बंद केली. मग २००६ मध्ये सेंटिनेल नावाने नवीन प्रोजेक्ट लॉकहीड मार्टिन या कंपनीला दिला, चार फेजमध्ये, कागदपत्रं आणि गव्हर्नन्स सगळं व्यवस्थित. २०१० पर्यंत ४५.१ कोटी डॉलरच्या बजेटमधले ४० कोटींच्या वर संपले होते आणि चारपैकी दोनच फेज हातात होत्या. तेव्हा एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं, टीम बरीच लहान केली आणि दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. शेवटी जुलै २०१२ मध्ये सिस्टीम सगळ्यांसाठी चालू झाली. अजाइलच्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट इथेच संपते आणि सगळे खूश होतात.

पण मधला भाग सांगत नाहीत. ऑक्टोबर २०११ मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांना एकाच वेळी सिस्टीम वापरायला लावून चाचणी घेतली तर दोनदा सिस्टीम बंद पडली, आणि एफबीआयने काढलेलं कारण असं की जुन्या हार्डवेअरला तो लोड झेपला नाही. मग नवीन हार्डवेअर मागवावं लागलं आणि तारीख महिन्यांनी पुढे गेली. आता विचार करा, दोन-दोन आठवड्यांचे डेमो नियमित चालू होते, फंक्शन चालतंय की नाही ही रिस्क त्यातून खरंच कमी होत होती, पण हार्डवेअर कमी पडेल ही रिस्क डेमोमध्ये दिसतच नाही कारण डेमोला बसलेले असतात दहा जण. आणि दिसली तरी सरकारी खात्यात हार्डवेअर दोन आठवड्यांत येत नाही. उपायाचा वेळ स्प्रिंटपेक्षा कितीतरी मोठा होता. अशी रिस्क पहिल्या महिन्यात लिहून, "लोड टेस्ट अमुक तारखेपर्यंत, नाहीतर खरेदी सुरू" असं ठरवून ठेवावी लागते.

दुसरी केस उलटी आहे, ब्रिटनच्या टीएसबी बँकेची. लॉइड्स या आधीच्या मालक बँकेच्या जुन्या सिस्टीमवरून सबादेल या तेव्हाच्या स्पॅनिश मालक बँकेच्या प्लॅटफॉर्मवर यायचं होतं, आणि एप्रिल २०१८ मध्ये एका वीकेंडला ५२ लाख ग्राहकांचा डेटा प्रामुख्याने एकाच टप्प्यात हलवला. डेटा गेला नीट, पण प्लॅटफॉर्म लगेच अडखळला आणि १९ लाखांपर्यंत लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना. पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला, बँकेला ३३ कोटी पौंडांचा फटका बसला आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांच्या वर दंड केला. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत निघालेली एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते, ती म्हणजे दोन डेटा सेंटर एकत्र चालणार होती पण लोडची चाचणी त्यातल्या एकावरच झाली होती. शिवाय सप्लायर तयार आहे याचं पत्र घेतलं होतं, पण त्या तयारीची पुरेशी खोलात जाऊन खात्री केली नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या सीआयओला (आयटी प्रमुखाला) या आउटसोर्सिंगच्या देखरेखीबद्दल वैयक्तिक ८१,६२० पौंड दंड झाला.

इथे गव्हर्नन्स नव्हतं असं नाही, कमिट्या होत्या, बोर्डाकडे रिपोर्ट जात होते. पण जी गोष्ट थोड्या ग्राहकांवर प्रत्यक्ष करून बघता येत होती ती आधी पुरेशी करून बघितली गेली नाही, आणि तिच्या जागी कागदावर आश्वासन घेतलं गेलं. जे चालवून बघता येतं ते लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही. रजिस्टरमध्ये "परफॉर्मन्स रिस्क, मध्यम, सप्लायर बघतोय, स्टेटस हिरवं" असं लिहिलं की सगळ्यांना वाटतं काम झालं, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी एक स्पाइक (एखादी शंका तपासायचं ठराविक वेळेचं छोटं काम) घेऊन खरा आकडा आणू शकलं असतं.

म्हणजे दोन्ही पद्धती फसतात, फक्त फसण्याची जागा वेगळी. आता रोजच्या कामात फरक कुठे पडतो ते बघू.

रिस्क कळते कधी? स्प्रिंटवाल्या पद्धतीत कोड चालवल्यावर, डेमोत, टेस्टमध्ये, म्हणजे पुरावा हातात असतो पण तो मागाहून येतो. रजिस्टरमध्ये आधी कळते पण ती अंदाजाने, आणि अंदाज कुणाचा तर बहुतेक मॅनेजरचा, ज्याने तो कोड उघडलेला नसतो. म्हणून रजिस्टर ठेवायचंच असेल तर ते टीमबरोबर बसून भरा. यासाठी मला प्री-मॉर्टेम सगळ्यात आवडतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये तो मांडला होता. करायचं असं की सगळ्यांना सांगायचं, समजा सहा महिने झाले आणि प्रोजेक्ट पूर्ण फसला, का फसला ते प्रत्येकाने एकट्याने कागदावर लिहा, आणि मग एकेक कारण वाचायचं. आपल्याकडे ज्युनिअर मुलंमुली क्लायंटसमोर किंवा आर्किटेक्टसमोर "हे होणार नाही" असं तोंडावर म्हणत नाहीत, पण लिहायला सांगितलं की बरोबर लिहितात. जे तीन महिन्यांनी कॅन्टीनमध्ये ऐकायला मिळालं असतं ते पहिल्याच आठवड्यात मिळतं.

ओनर कोण? स्प्रिंटमध्ये स्टोरी (बॅकलॉगमधलं एक काम) ज्याने उचलली तो, हे सोपं आणि स्पष्ट. रजिस्टरमध्ये ओनरच्या रकान्यात "टीम", "क्लायंट" किंवा "व्हेंडर" लिहिलेलं दिसलं तर समजा त्या रिस्कला कुणी नाहीये. एका माणसाचं नाव हवं, आणि तो माणूस मीटिंगला हजर असणारा हवा.

खर्च? स्प्रिंटमध्ये स्पाइक घेतला की तेवढी कपॅसिटी जाते आणि प्रॉडक्ट ओनर (बॅकलॉगचा क्रम ठरवणारा) विचारतो की यातून दाखवायला काय मिळालं. हे भांडण जवळपास प्रत्येक प्रोजेक्टला होतं. त्यावर उपाय म्हणजे स्पाइकला प्रश्न आणि वेळ दोन्ही आधीच बांधून द्या, "या गेटवेला सेकंदाला २०० व्यवहार झेपतात का, दोन दिवसांत उत्तर" असं. नुसतं "गेटवेचा अभ्यास" लिहिलं तर आठवडा जातो आणि हातात काहीच येत नाही. रजिस्टरचा खर्च दिसत नाही पण असतो, दर आठवड्याला पाऊण तास दहा माणसं बसून चाळीस ओळी वाचत असतील तर तो बराच मोठा आहे. चाळीस ओळींचं रजिस्टर कुणीच लक्षपूर्वक वाचत नाही. दहाच्या वर जाऊ देऊ नका.

कॉन्ट्रॅक्ट आणि ऑडिट. इथे रजिस्टर सरळ जिंकतं. फिक्स्ड बिड (आधीच ठरलेल्या किमतीचा) प्रोजेक्ट असेल आणि क्लायंटने व्हीपीएन अॅक्सेस द्यायलाच पाच आठवडे लावले असतील, तर ते तारखेसकट लिहिलेलं आणि त्यांच्या माणसाने बघितलेलं असायला हवं. रेट्रोच्या (स्प्रिंट संपल्यावरच्या आढाव्याच्या) बोर्डवरची स्टिकी नोट चेंज रिक्वेस्टच्या वेळी, म्हणजे ठरलेल्या कामात बदल मागताना, उपयोगी पडत नाही. क्लायंट बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) असेल तर विषयच संपला, रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश आहेत आणि ऑडिटर येऊन रिस्कची नोंद मागणारच. आयएसओ २७००१ (माहितीच्या सुरक्षेचं मानक) सर्टिफिकेट असलेल्या कंपनीतही रिस्कचं मूल्यमापन आणि त्यावरचा उपाय कागदावर असावाच लागतो. अशा ठिकाणी "आम्ही अजाइल आहोत" हे उत्तर चालत नाही आणि ते देऊन टीमची अडचण वाढवू नका.

माणसांच्या रिस्कबद्दल जरा जास्त बोलतो कारण आपल्याकडच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त वेळा हीच खरी ठरते. आयटी सर्व्हिस कंपन्यांमध्ये नोटीस पीरियड सहसा दोन ते तीन महिन्यांचा असतो, त्यामुळे लोकांना वाटतं भरपूर वेळ आहे. पण त्या काळात माणूस उरलेल्या सुट्ट्या घेतो, मन दुसरीकडे गेलेलं असतं, आणि बदली माणूस शेवटच्या दोन आठवड्यांत मिळतो. त्याला क्लायंटचा लॅपटॉप आणि अॅक्सेस मिळेपर्यंत जुना माणूस गेलेला असतो. ही रिस्क स्प्रिंटमध्ये नुसती टिपून सुटत नाही, आणि रजिस्टरमध्ये "अॅट्रिशन (माणसं सोडून जाणं), हाय" लिहून तर मुळीच सुटत नाही. इथे दोन्ही लागतात: रजिस्टरमध्ये कुठल्या मॉड्यूलचं ज्ञान एकाच माणसाकडे आहे त्याची यादी, आणि स्प्रिंटमध्ये त्या मॉड्यूलची निदान एक स्टोरी मुद्दाम दुसऱ्या कुणाला. व्हेलॉसिटी थोडी पडेल, पडू द्या. सुट्ट्यांचंही तसंच, गणपती, दिवाळी आणि मग डिसेंबरमधला परदेशी क्लायंटचा कोड फ्रीझ (कोडमध्ये बदल बंद) या तारखा जानेवारीतच माहीत असतात, तरी सप्टेंबरच्या प्लॅनिंगमध्ये पूर्ण कपॅसिटी धरलेली दिसते.

मधले दोन पर्याय पण आहेत, ते थोडक्यात.

एकापेक्षा जास्त टीम असतील, सेफसारखी (अनेक टीमना मिळून अजाइल चालवायची) चौकट वापरत असाल, तर रोम बोर्ड असतो, म्हणजे रिस्कचे चार गट करणारा फलक. ८ ते १२ आठवड्यांच्या प्लॅनिंगला सगळ्या टीम एकत्र बसतात, प्रत्येक रिस्क मोठ्याने वाचली जाते आणि तिथल्या तिथे ठरतं की ही सुटली, हिला कुणीतरी अंगावर घेतलं, ही स्वीकारली, की हिचा धोका कमी करायचा प्लॅन आहे. एक्सेलपेक्षा हे खूप जिवंत वाटतं कारण सगळ्यांसमोर नाव लागतं. "स्वीकारली" हा पर्याय उघडपणे असणं मला विशेष पटतं, प्रत्येक रिस्कवर उपाय करायलाच हवा असं नाही, पण सोडून देतोय हे सगळ्यांना माहीत हवं. कमजोरी एकच, प्लॅनिंग संपलं की पुढच्या प्लॅनिंगपर्यंत तो बोर्ड कुणी बघत नाही. टीमच्या दर सिंकच्या (नियमित एकत्र बैठकीच्या) सुरुवातीला पाच मिनिटं दिली तर चालतं.

दुसरा पर्याय आकड्यांचा. प्रत्येक रिस्कची शक्यता गुणिले किती दिवस वाया जातील. व्हेंडरची एपीआय उशिरा येण्याची शक्यता ४० टक्के आणि त्याने १५ दिवस जाणार, तर ६ दिवस. डेटा मायग्रेशन परत करावं लागण्याची शक्यता ३० टक्के आणि २० दिवस, तर तेही ६. सगळ्यांची बेरीज करा आणि दर स्प्रिंटला ती उतरतेय का बघा. हाय-मीडियम-लो पेक्षा हे कधीही चांगलं कारण तिथे सगळंच मीडियममध्ये जाऊन बसतं, आणि प्रॉडक्ट ओनरला पण दिवसांच्या भाषेत लगेच कळतं की दोन दिवसांचा स्पाइक का घ्यायचा. फक्त एक सांभाळा, २ टक्के शक्यता आणि २०० दिवसांचं नुकसान याचा गुणाकार ४ च येतो, म्हणजे यादीत ती खाली जाते, पण झाली तर प्रोजेक्टच संपतो. अशा गोष्टी बेरजेबाहेर वेगळ्या ठेवा.

आणि काही रिस्क अशा असतात की त्या ना रजिस्टरच्या ना स्प्रिंटच्या, त्या कामाच्या सवयीतच बंद करायच्या असतात. नाइट कॅपिटल या अमेरिकन ब्रोकरेज कंपनीचं १ ऑगस्ट २०१२ ला साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं, कारण नवीन कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला आणि आठव्यावर जुना राहिला. बाजार उघडण्याआधी सिस्टीमने आतल्या लोकांना चूक दाखवणारे ९७ ईमेल पाठवले होते, पण ते अलर्ट म्हणून बघायची पद्धतच नव्हती. याला उपाय एका दिवसाचा आहे, सगळ्या सर्व्हरवर तीच आवृत्ती आहे हे दुसऱ्या माणसाने किंवा स्क्रिप्टने तपासल्याशिवाय स्टोरी डन नाही, एवढा एक नियम. असं काही सुचलं तर रिस्क म्हणून नोंदवत बसू नका, डेफिनिशन ऑफ डनमध्ये (काम पूर्ण झालं म्हणायच्या अटींमध्ये) टाका आणि विसरा.

मग तुम्ही काय निवडायचं? सात-आठ जणांची टीम, स्वतःचं प्रॉडक्ट, क्लाउडवर सगळं, रोज रिलीज करता येतं, अशी परिस्थिती असेल तर रजिस्टर नकोच. बॅकलॉग धोक्याच्या क्रमाने लावा आणि दर महिन्याला एकदा अर्धा तास प्री-मॉर्टेम घ्या, एवढं खूप झालं. सर्व्हिस कंपनीत बाहेरच्या क्लायंटसाठी फिक्स्ड बिड असेल तर दहा ओळींचं रजिस्टर ठेवा, पण त्यात फक्त बाहेरच्यांवर अवलंबून असलेल्या आणि लांब उपायाच्या गोष्टी, तांत्रिक शंका एकही नको, त्या सगळ्या स्पाइक म्हणून बॅकलॉगमध्ये. चार-पाच टीम एकमेकांवर अवलंबून असतील तर रोम घ्या आणि त्याचा बोर्ड जिवंत ठेवायचं काम एका माणसाला नावाने द्या.

बँक, विमा, हॉस्पिटल असं काही असेल तर पूर्ण रजिस्टर लागणारच, तिथे लढत बसू नका, पण एक गोष्ट आग्रहाने मागा: ज्या ओळीवर "टेस्ट करून बघता येतं" असं टीम म्हणेल तिचं स्टेटस टेस्टचा निकाल जोडल्याशिवाय हिरवं करायचं नाही, व्हेंडरचं पत्र असलं तरी नाही. हे पहिल्याच मीटिंगमध्ये मान्य करून घ्या, गो-लाइव्हच्या (सिस्टीम प्रत्यक्ष चालू होण्याच्या) आदल्या महिन्यात मागितलं तर कुणी ऐकत नाही.

आणि जुळवाजुळव आधीच चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये करायची असेल तर सगळं मोडून नव्याने मांडू नका. आत्ताचं रजिस्टर उघडा, प्रत्येक ओळीसमोर उपायाला लागणारे दिवस लिहा, दहापेक्षा कमी कामाचे दिवस असतील त्या पुढच्या प्लॅनिंगला स्टोरी किंवा स्पाइक म्हणून न्या आणि एक्सेलमधून काढून टाका, आणि उरलेल्यांच्या समोर "कधीपर्यंत ठरवायलाच हवं" ही तारीख टाका. ही तारीख रिस्क कधी घडेल त्याची नाही, उपाय सुरू करायची शेवटची तारीख आहे. गो-लाइव्ह १ मार्चला आहे आणि हार्डवेअरला दहा आठवडे लागतात तर ती तारीख डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि ते ठरवणारा माणूस तेव्हा सुट्टीवर आहे का हे पण तेव्हाच बघून घ्या.